फादर स्टीफन्स व प्रभूच्या घराची कथा

ज्या घरांत बायबल वाचण्याची चाल आहे त्या घरांतील मुलें कांहीं प्रश्न हटकून विचारितात. प्रभु येशूला भावंडें होतीं काय? मरीयेस त्याच्यामागून आणखी मुलें झालीं काय? प्रेषित पेत्राला बायको होती, मग रोमन कॅथॉलिक पंथाचे पाद्री लग्न कां करीत नाहींत? आमच्या वाशीम जिल्ह्यांत ख्रिस्ती कुटुंबें थोडीं. त्यांत कांहीं प्रॉटेस्टंट, कांहीं रोमन कॅथॉलिक. दोन्ही घरचीं मुलें एका बाकावर बसतात आणि आपापल्या घरीं मिळालेलीं निराळीं उत्तरें घेऊन येतात. पुष्कळदां हीं घरें सोयरिकीनेंही जोडलेलीं असतात, आणि मग प्रश्न मुलांपुरता राहत नाहीं. लग्न कोणत्या देवळांत लागावें, बाळाचा बाप्तिस्मा कोणत्या मंडळींत व्हावा, येथपर्यंत तो जाऊन पोंचतो आणि दोन्हीकडचीं मनें दुखावतात.

ह्या प्रश्नावर वाद माजविण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्ही एका थोर पुरुषाचें चरित्र सांगणार आहों. मरीया, योसेफ व येशू ह्यांच्या घराची कथा मराठी ओवींत ज्यांनीं विस्तारानें गाइली ते फादर थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज होते, पंथानें रोमन कॅथॉलिक होते, आणि मराठी भाषेवर त्यांचें प्रेम असें होतें कीं, तसें प्रेम त्या भाषेंत जन्मलेल्यांतही क्वचितच आढळावें. त्यांचें चरित्र पाहतां पाहतां वरील प्रश्न आपोआप पुढें येतो, आणि शास्त्राच्या कसोटीवर तो घासून पाहण्याची संधिही मिळते.

फादर स्टीफन्स ह्यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन ह्या गांवीं सुमारें सन १५४९ मध्यें झाला. त्यांच्या वडिलांचें नांवही थॉमसच होतें. ते व्यापारी होते. मुलाचें शिक्षण विंचेस्टर येथील नामांकित शाळेंत झालें. तो काळ इंग्लंडांत मोठ्या धर्मकलहाचा होता. सन १५३४ मध्यें राजा आठवा हेन्री ह्यानें पोपाचा अधिकार झुगारून दिला. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड ह्याच्या वेळीं प्रॉटेस्टंट मताचा जोर झाला. पुढें राणी मेरीनें रोमन पंथ पुन्हा आणिला, आणि सन १५५८ मध्यें एलिझाबेथ राणी गादीवर येतांच पारडें पुन्हा फिरलें. मेरीच्या कारकीर्दींत प्रॉटेस्टंट लोकांस जिवंत जाळण्यांत आलें; एलिझाबेथच्या कारकीर्दींत रोमन पाद्र्यांस फांशीं देण्यांत आलें. धर्ममताचा प्रश्न त्या देशांत नुसता बोलण्याचा नव्हता; त्यापायीं माणसाचा जीव जात असे.

तरुण स्टीफन्स ह्यांची ओढ रोमन पंथाकडे होती. थॉमस पाउंड नांवाचे एक श्रीमंत गृहस्थ एके काळीं राणीच्या दरबारीं मान पावलेले होते. पुढें ते त्या पंथाचे निष्ठावंत अनुयायी बनले. स्टीफन्स त्यांच्यापाशीं राहिले, आणि कोणास संशय येऊं नये म्हणून कांहीं काळ त्यांचे नोकर म्हणून वावरले. दोघांनीं मिळून रोमला जावें व येशूसंघांत, म्हणजे जेझुइट पंथांत, प्रवेश करावा असा त्यांचा बेत ठरला. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, आणि पुढें जवळजवळ तीस वर्षें त्यांना निरनिराळ्या तुरुंगांत काढावीं लागलीं. स्टीफन्स एकटेच निसटले. २० ऑक्टोबर १५७५ रोजीं रोम येथें ते येशूसंघांत दाखल झाले. घर, वडील, भाऊ व देश हीं सर्व मागें राहिलीं.

हिंदुस्थानांत जाण्याची परवानगी मिळाल्यावर ४ एप्रिल १५७९ रोजीं ते लिस्बन बंदरांतून निघाले. पांच गलबतांचा तो ताफा होता. आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोंचले. वाशीमच्या आमच्या मुलांनीं समुद्र क्वचितच पाहिला असेल. त्यांना ह्या प्रवासाची कल्पना येणें कठीण आहे. ताजें अन्न व गोडें पाणी ह्यांच्या अभावीं खलाशांच्या हिरड्या सुजत व अंगाला सूज येई. फादर स्टीफन्स ह्यांच्या गलबतावर सुमारें दीडशें माणसें अशीं आजारीं पडलीं व सत्तावीस दगावलीं. आणि इतर वेळांच्या मानानें हा आंकडा थोडाच समजला गेला! हा सर्व वृत्तांत त्यांनीं १० नोव्हेंबर १५७९ रोजीं गोव्याहून आपल्या वडिलांस पत्रानें कळविला. हॅक्लूट नांवाच्या विद्वानानें पुढें आपल्या प्रवाससंग्रहांत तें पत्र छापिलें. हिंदुस्थानांत कायमचा राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार फादर स्टीफन्स ह्यांचा उल्लेख करितात. ज्या मुलानें बापाचें घर सोडिलें त्याचें पहिलें मोठें पत्र बापालाच गेलें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

ज्या गोव्यांत ते उतरले तेथील स्थितीही सांगितली पाहिजे. गोवा शहर पोर्तुगीजांनीं सन १५१० मध्यें जिंकिलें होतें व साष्टी प्रांत सन १५४३ मध्यें त्यांच्याकडे आला होता. सन १५६० मध्यें तेथें इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारें धर्मन्यायालय, स्थापन झालें. कांहीं वर्षांचा खंड सोडल्यास तें सन १८१२ पर्यंत चाललें. सन १५६७ मध्यें साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं व पोथ्यापुराणांवर बंदी आली. लोकांच्या मनांत संताप सांचत होता. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं पांच जेझुइट धर्मसेवकांस व त्यांच्याबरोबरच्या कांहीं लोकांस ठार मारिलें. त्यांचे देह मिळवून आणण्याचें दुःखाचें काम फादर स्टीफन्स ह्यांनीं केलें. पुढें अंमलदारांनीं त्या गांवच्या मुख्य लोकांस असोळणें येथील किल्ल्यांत बोलणें करण्याच्या निमित्तानें बोलाविलें व कपटानें मारिलें. हा इतिहास झांकून ठेवण्यासारखा नाहीं. इंग्लंडांत ज्या पंथाचे लोक छळ सोशीत होते त्याच पंथाचे सत्ताधारी गोव्यांत दुसऱ्यांचा छळ करीत होते. सत्तेच्या हातीं धर्ममताची तरवार दिली म्हणजे पंथ कोणताही असो, परिणाम एकच होतो.

अशा दिवसांत फादर स्टीफन्स कसे वागले तें एका प्रसंगावरून दिसतें. सन १५८३ च्या अखेरीस न्यूबरी, फिच, लीड्स व स्टोरी हे चार इंग्रज ओर्मझ येथें पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगांत येऊन पडले. ते हेर असावेत असा पोर्तुगीजांस संशय होता. ज्या राणीच्या राज्यांतून फादर स्टीफन्स ह्यांना जीव घेऊन निघावें लागलें होतें तिचेच हे प्रजाजन. शिवाय पाखंडी म्हणून त्यांच्यावर डोळा होता. तरी त्यांनीं मध्यें पडून खटपट केली, आणि त्यांची सुटका झाली. फिच पुढें पुष्कळ प्रवास करून मायदेशीं परतला, व त्याच्या वृत्तांतांत ह्या उपकाराची नोंद आहे.

त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्याच्या २४ तारखेस त्यांनीं पॅरिस येथें असलेल्या रिचर्ड ह्या आपल्या भावाला लॅटिन भाषेंत एक पत्र लिहिलें. येथील भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड वाटतात, व त्यांची रचना ग्रीक व लॅटिन ह्या भाषांसारखी आहे, असें त्यांनीं त्यांत कळविलें. हेंच साम्य सर विल्यम जोन्स ह्यांनीं कलकत्त्यास सन १७८६ मध्यें जगापुढें मांडिलें व त्यांतून भाषाशास्त्राचा पाया घातला गेला. साष्टींतील एका पाद्र्याच्या ध्यानांत तें दोनशें वर्षें आधींच आलें होतें!

फादर स्टीफन्स ह्यांचें बहुतेक सर्व आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें. तेथील घरगुती बोली कोंकणी होती, परंतु पोथीपुराणाची भाषा मराठी होती. त्यांनीं दोन्ही भाषा आत्मसात् केल्या. ज्ञानेश्वरी सन १२९० मध्यें पूर्ण झालेली होती. एकनाथांचें भागवत सन १५७३ मध्यें काशी येथें पुरें झालें होतें. तुकारामांचा जन्म सन १६०८ मध्यें झाला. म्हणजे मराठी ओवीच्या भर बहराच्या काळांत हे गृहस्थ महाराष्ट्राच्या दाराशीं राहत होते. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांस आपल्या जुन्या पुराणांची आठवण येई. तीं तर बंद झालीं. मग त्यांच्या जागीं आम्हांला दुसरें कांहीं ऐकावयास द्या, अशी त्यांची मागणी होती. एका ब्राह्मण श्रोत्याच्या मुखीं ही मागणी घालूनच फादर स्टीफन्स ह्यांनीं आपल्या ग्रंथाची प्रस्तावना केली आहे.

तो ग्रंथ म्हणजेच क्रिस्तपुराण. सन १६१६ मध्यें साष्टींतील रायतूर येथें तो छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ असे एकूण ९५ अवस्वर, म्हणजे अध्याय, असून ओव्यांची संख्या १०,९६२ आहे. पहिल्या भागांत जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंत कथा येते. दुसऱ्या भागांत प्रभूचें चरित्र आहे. हें मराठी काव्य छापलें गेलें तें मात्र रोमन अक्षरांत. देवनागरी खिळे पाडावेत अशी फादर स्टीफन्स ह्यांची मोठी इच्छा होती, व सन १६०८ मध्यें त्यांनीं रोमला आपल्या वरिष्ठांस तसें लिहिलेंही होतें. परंतु आमच्या लिपींत जोडाक्षरें व काना-मात्रा मिळून सहाशांहून अधिक सांचे लागत. रोमन लिपीचें काम चोवीस अक्षरांत भागे. त्यामुळें तो बेत तडीस गेला नाहीं.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. पुराण ऐकणारा श्रोता नायकाचें कूळ प्रथम विचारतो. हा कोणाचा पुत्र, ह्याची माता कोण, मामा कोण, भाऊ कोण? राम म्हटला कीं दशरथ, कौसल्या, लक्ष्मण व भरत आलेच पाहिजेत. मत्तयानेंही आपल्या शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीनेंच केला आहे. परंतु त्यापुढें प्रभूच्या घराविषयीं शास्त्र फार थोडें सांगतें. मरीयेला देवदूताचा निरोप, योसेफाची चिंता व स्वप्नांत तिचें निरसन, बेथलेहेमांतील जन्म, मिसर देशाकडे पलायन, नासरेथांतील सुताराचें घर, बारा वर्षांच्या मुलाची यरुशलेमेची यात्रा, एवढ्यावर तें थांबतें. मरीयेच्या आईबापांचीं नांवें बायबलांत कोठेंच नाहींत. योवाकीम व हन्ना हीं जीं नांवें रोमन व पूर्वेकडील मंडळ्यांत पूज्य मानिलीं जातात, तीं दुसऱ्या शतकांतील एका जुन्या ग्रंथांतून आलेलीं आहेत, आणि त्या ग्रंथाला ह्या मंडळ्यांनींही शास्त्रांत स्थान दिलें नाहीं. हीच गोष्ट मरीयेच्या नित्य कौमार्याच्या मताची. ती प्रभूच्या जन्मापूर्वीं कुमारी होती व पुढेंही जन्मभर कुमारीच राहिली, असें रोमन मंडळी शिकविते. फादर स्टीफन्स ह्याच शिकवणींत वाढले होते व हीच त्यांनीं आपल्या लोकांस दिली.

मग शास्त्राशीं ही शिकवण जुळते काय? प्रथम जेथें मतभेदच नाहीं तें बाजूस काढूं. प्रभूचा जन्म कुमारीच्या उदरीं पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यानें झाला, हें मत्तय व लूक ह्या दोघांनींही सांगितलें आहे, व रोमन आणि प्रॉटेस्टंट दोघेही तें मानितात. वाद आहे तो त्यापुढचा. मार्काच्या सहाव्या अध्यायांत नासरेथचे लोक येशूच्या चार भावांचीं नांवें घेतात, याकोब, योसे, यहूदा व शिमोन; आणि बहिणींचाही उल्लेख करितात. हे भाऊ आरंभीं त्याच्यावर विश्वास ठेवीत नव्हते, असें योहान सांगतो. प्रभूच्या पुनरुत्थानानंतर ते मरीयेसह शिष्यांबरोबर प्रार्थनेंत होते, असें प्रेषितांच्या कृत्यांत आहे. पौलानेंही याकोबाला प्रभूचा बंधु म्हटलें आहे. मग हे भाऊ मरीयेचे पुत्र कीं काय?

हा प्रश्न आजचा नाहीं. सन ३८३ च्या सुमारास रोम येथें हेल्विदियस नांवाच्या एकानें ते मरीयेचे पुत्र होत असें प्रतिपादन केलें, आणि जेरोम ह्या विद्वान् साधूनें त्याचें खंडन केलें. जेरोमच्या मतें ते चुलत किंवा मावसभाऊ होते. पूर्वेकडील मंडळ्या त्यांना योसेफाच्या पहिल्या बायकोचे पुत्र मानितात. जेरोमचा मुद्दा मराठी माणसाला समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. आम्ही चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ व मावसभाऊ ह्या सर्वांस नुसतें भाऊच म्हणतों. वऱ्हाडांतल्या एखाद्या लग्नांत नवरीचे भाऊ किती म्हणून विचारिलें तर वीस जण पुढें होतील, व त्यांतला सख्खा कदाचित् एकही नसेल. इब्री भाषेंतही तसेंच होतें. लोट हा अब्रामाचा पुतण्या. तरी अब्राम त्याला भाऊ म्हणतो. शिवाय वधस्तंभावरून प्रभूनें आपल्या आईला एका शिष्याच्या हवालीं केलें. तिला दुसरे पुत्र असते तर असें कां केलें असतें, असेंही रोमन पंडित विचारितात. पुत्राचा जन्म होईपर्यंत योसेफानें मरीयेला स्त्री म्हणून जवळ केलें नाहीं, असें मत्तय लिहितो. परंतु होईपर्यंत ह्या शब्दावरून पुढें तसें घडलेंच असें ठरत नाहीं, हाही त्यांचा मुद्दा आहे. शौलाची कन्या मीखल हिला मरेपर्यंत मूल झालें नाहीं असें शास्त्रांत आहे. तिला मेल्यावर मूल झालें असा त्याचा अर्थ कोणी करीत नाहीं.

दुसऱ्या बाजूचें म्हणणेंही तितकेंच तोलून पाहिलें पाहिजे. नवा करार ग्रीक भाषेंत लिहिलेला आहे, आणि ग्रीक भाषेंत सख्ख्या भावाहून चुलत-मावस भावाला निराळा शब्द होता. पौलानें कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत मार्काचें बर्णबाशीं नातें सांगतांना तो वापरिलाही आहे. तरी प्रभूच्या भावांविषयीं तो शब्द एकदाही आलेला नाहीं. हे भाऊ शुभवर्तमानांत मरीयेच्या सोबतच फिरतांना दिसतात. दुसरी कोणी त्यांची आई म्हणून त्यांच्याबरोबर येत नाहीं. साध्या वाचकानें साध्या मनानें वाचलें तर ते मरीयेचेच पुत्र असावेत असें त्यास वाटेल. बहुतेक प्रॉटेस्टंट पंडितांचें आज हेंच मत आहे, आणि आम्हांसही तेंच अधिक सरळ वाटतें.

तथापि येथें आमच्या प्रॉटेस्टंट वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मार्टिन लूथर व झ्विंग्ली ह्या धर्मसुधारकांनीं मरीयेचें नित्य कौमार्य मानिलें होतें. कॅल्व्हिन ह्यांनीं तर प्रथमपुत्र ह्या एका शब्दावरून पुढील मुलांचें अनुमान काढणाऱ्यांस दोष दिला. कारण नियमशास्त्रांत एकुलता पुत्रही प्रथमपुत्रच असतो. तेव्हां ह्या मतावरून एकानें दुसऱ्याला ख्रिस्ती नव्हे असें म्हणणें म्हणजे लूथरलाही घराबाहेर घालविणें होय. उलट आमच्या रोमन कॅथॉलिक वाचकांनींही हें प्रांजळपणें मान्य करावें कीं, नित्य कौमार्याचें मत शास्त्राच्या कोणत्याही एका स्पष्ट वचनावर उभें नाहीं. तें मंडळीच्या प्राचीन परंपरेवर उभें आहे. शास्त्र त्याला उघड नाकारीत नाहीं, व उघड शिकवीतही नाहीं. परंपरेला शास्त्राबरोबर मान द्यावा कीं नाहीं, हा खरा मतभेद आहे. मरीयेच्या मुलांचा प्रश्न हें त्याचें केवळ एक उदाहरण.

पेत्राच्या लग्नाविषयीं तर वादाला जागाच नाहीं. कफर्णहूम येथें प्रभूनें त्याच्या सासूचा ताप घालविला, हें मार्क सांगतो. पेत्र प्रवासांत बायकोला बरोबर घेई, असें पौलाच्या लिहिण्यावरून दिसतें. रोमन मंडळी हें मुळींच नाकारीत नाहीं. तिच्या पाद्र्यांनीं अविवाहित राहावें हा मंडळीचा नियम आहे, विश्वासाचें मत नव्हे, आणि बाराव्या शतकांतील लॅटरन सभांनीं तो पक्का केला. तिच्याच पूर्वेकडील कांहीं शाखांत विवाहित पुरुषांस याजक होतां येतें. फादर स्टीफन्स ह्यांनीं संसार केला नाहीं तो ह्या नियमाला धरून व स्वतःच्या व्रताला धरून. पेत्र अविवाहित होता अशा समजुतीनें नव्हे.

ज्या श्रोत्यांनीं फादर स्टीफन्स ह्यांच्या ओव्या ऐकिल्या, त्यांना ही पारख करण्याचें साधन मात्र नव्हतें. मराठींत बायबल नव्हतें. पुराणांत काय शास्त्राचें व काय परंपरेचें, हें निवडून पाहणें त्यांच्या हातीं नव्हतें. मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत प्रथम श्रीरामपूर येथें, बंगाल्यांतील डॉक्टर केरी ह्यांच्या छापखान्यांत, सन १८०५ मध्यें छापलें. म्हणजे क्रिस्तपुराणानंतर १८९ वर्षांनीं. संपूर्ण नवा करार तेथूनच सन १८११ मध्यें निघाला. पुढें मुंबईस अमेरिकन मिशननें सन १८२६ मध्यें आपलें भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि पंडिता रमाबाईंनीं मूळ भाषांवरून केलेलें संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर सन १९२४ मध्यें केडगांवच्या मुक्तिसदनांतून बाहेर पडलें. आज वाशीमचा आठवीचा विद्यार्थी मार्काचा सहावा अध्याय स्वतः उघडून वाचूं शकतो. साष्टींतील त्या श्रोत्यांना हें भाग्य लाभलें नव्हतें.

फादर स्टीफन्स चाळीस वर्षें गोव्यांत राहून सन १६१९ मध्यें तेथेंच निवर्तले. मायदेश त्यांनीं पुन्हा पाहिला नाहीं. मुलांकरितां गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपानें त्यांनीं लिहिलेली कोंकणी धर्मशिक्षणाची पोथी सन १६२२ मध्यें व कोंकणीचें व्याकरण सन १६४० मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. हिंदी भाषांपैकीं एका भाषेचें छापलेलें हें पहिलेंच व्याकरण होय. क्रिस्तपुराणाच्याही सन १६४९ व सन १६५४ मध्यें आवृत्त्या निघाल्या. परंतु सन १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीजच बोलावी असा हुकूम काढिला. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. दक्षिणेकडे कानडा जिल्ह्यांत जाऊन राहिलेल्या कोंकणी ख्रिस्ती लोकांनीं मात्र हातानें नकलून तें पुराण घरोघरीं जतन केलें. त्या नकलांवरूनच जोसेफ सालढाणा ह्यांनीं सन १९०७ मध्यें मंगळूर येथें तें पुन्हा छापिलें. पुढें लंडनमधील मार्सडेन संग्रहांत त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत असल्याचें अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट ह्यांनीं दाखवून दिलें. अॅबट हे प्रॉटेस्टंट मिशनरी, व मराठी संतकवींचे मोठे अभ्यासक. सन १९५६ मध्यें शांताराम बंडेलू ह्यांनीं संपादिलेली देवनागरी आवृत्ति पुणें येथून निघाली, आणि महाराष्ट्रांतील सामान्य वाचकास हें काव्य आपल्या लिपींत वाचतां येऊं लागलें.

ही देवघेव दोन्ही बाजूंनीं झाली आहे. एका जेझुइट पाद्र्याचें काव्य उजेडांत आणण्यास एका प्रॉटेस्टंट मिशनऱ्याचे श्रम कारणीं लागले. आणि वसईचे रोमन कॅथॉलिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं सन २०१० मध्यें सुबोध बायबल हें मराठी भाषांतर प्रसिद्ध केलें, तें आज दोन्ही पंथांच्या घरांत वाचलें जातें. फादर स्टीफन्स ह्यांच्या श्रोत्यांना जें मिळालें नव्हतें तें त्यांच्याच पंथाच्या एका मराठी पाद्र्यानें आपल्या लोकांच्या हातीं दिलें. दिब्रिटो सन २०२४ मध्यें कालवश झाले.

विद्यार्थिमित्रहो, आणि त्यांच्या वडील मंडळींनो, प्रभूच्या भावांविषयीं जेव्हां तुमच्या घरीं बोलणें निघेल तेव्हां आमची एवढीच सूचना आहे. प्रथम बायबल उघडा व त्यांत काय लिहिलें आहे तें दोघांनीं मिळून वाचा. जें लिहिलें आहे तें कोणाच्याही भिडेस्तव लपवूं नका. जें लिहिलेलें नाहीं तें आपल्या मंडळीची परंपरा म्हणून कोणास मानावयाचें असल्यास त्याला मानूं द्या. पण दुसऱ्याच्या माथीं मारूं नका, व त्यावरून सोयरिकी मोडूं नका. आई व भाऊ बाहेर उभे राहून त्याला बोलावीत आहेत असें प्रभूला कळलें, तेव्हां देवाची इच्छा पाळणारा प्रत्येक जण आपला भाऊ, आपली बहीण व आपली आई आहे, असें त्यानें भोवतीं बसलेल्यांस सांगितलें. हा प्रसंग मार्काच्या तिसऱ्या अध्यायाच्या शेवटीं आहे. आज रात्रीं घरीं तो अवश्य वाचावा, आणि पुढील सुटींत क्रिस्तपुराणाची प्रत मिळवून निदान त्याचे आरंभींचे अध्याय तरी मोठ्यानें म्हणून पाहावेत.